चुन्याखालची खूण

तारल्यांची पुडी सांभाळत निन्फा दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि किल्लीसाठी थैलीत हात घालता घालता तिथेच थबकली. जिन्याच्या तोंडाशी, भिंतीवर, गुडघ्याच्या जरा वर एक लाल पट्टा होता. उभा, दोन बोटं रुंद, वीतभर लांब, आणि खाली डावीकडे वळवलेलं छोटंसं शेपूट. ती बाजारात गेली तेव्हा भिंत पांढरीफटक होती. त्या भिंतीची खात्री तिच्याइतकी कुणाला असणार? पालेर्मोच्या या इमारतीत राहायला आल्यापासून दर मे महिन्यात जिन्याला चुना लावायची ती तीच. बाकीचे बिऱ्हाडकरू आधी हसले, मग त्यांना सवय झाली, आणि आता तर मे उजाडला की आपापल्या कुंड्या आणि सायकली आपणच उचलून आत नेत. यंदाचा चुना लागून दोन आठवडेही झाले नव्हते. तिने वाकून पाहिलं. बोट लावायची हिंमत झाली नाही, पण वास आला, तेलरंगाचा, ताजा. पट्टा कुणीही ओढेल. पाण्याचे मीटर बघणारा ओढेल, टेलिफोनवाला ओढेल. निन्फा थबकली ती शेपटामुळे. ते शेपूट जगात एकाच माणसाचं होतं, आणि तो माणूस अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या माहेरच्या घरासमोरच्या वळणावरून सरळ खाली ऑलिव्हच्या झाडांत गेला होता.

आत गास्पारे खिडकीशी बसला होता, शिवणयंत्राचं एक जुनं डोकं मांडीवर घेऊन. 'आलीस?' म्हणत त्याने मान वळवली, तीही तिच्याकडे नव्हे, जरा बाजूला. हल्ली तो असाच बघायचा, कोंबडीसारखा, डोळ्याच्या कोपऱ्यातून. तिने ते वयाच्या खात्यावर टाकलं होतं. कान तर कधीचेच गेलेले. तरुणपणी इंजिनांत डोकं घालून काढलेल्या वर्षांचा तो हिशेब होता.

'जिन्यात कोणी आलं होतं का?' तिने आवाज चढवून विचारलं.

'कोण येणार?'

'सहज विचारलं.'

'तू सहज कधी काही विचारत नाहीस, निन्फा. तारल्या ताज्या आहेत का?'

'मी आणते त्या शिळ्या कधी होत्या?'

तो उठला. उठण्याआधी उजवा पाय जमिनीवर तीनदा आपटला. ठप, ठप, ठप. उठताना, दार उघडताना, जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, हे व्हायचंच. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात पाद्री वाट बघत असतानाही झालं होतं, आणि तिच्या आत्याने तिच्या कानात विचारलं होतं, नवरा लंगडा आहे का गं? लंगडा नव्हता. पूर्वी तो शर्यतीच्या मोटारीचा मिस्त्री होता, ब्रेकचं पेडल दाबून बघत होता. निघण्याआधी तीनदा दाबायचं, तिसऱ्या वेळी पायाखाली घट्ट लागलं तरच गाडी सोडायची, हे त्याने शर्यतीच्या त्या रविवारीही केलं होतं, आणि तरी गाडी थांबली नव्हती. तेव्हापासून पालेर्मोत त्याने शिवणयंत्रं दुरुस्त केली, गिरण्या दुरुस्त केल्या, एकदा तर चर्चचा ऑर्गनही केला. ज्याला ब्रेक लागतो असं काही आयुष्यात परत हातात घेतलं नाही. ती गाडी चालवणाऱ्या वकिलाला आपण मारलं, असं त्याला वाटत होतं. तसं नाही, हे निन्फाला ठाऊक होतं. सत्तेचाळीस वर्षं एकाच ताटलीतला पाव मोडून खाताना तिने तोंडातून ब्र काढला नव्हता.

तारल्यांची डोकी मोडताना तिच्या बोटांना ते सगळं पुन्हा लागायला लागलं. चुन्याने बोटांची कातडी ओढली जायची तशी ओढली गेली. रोक्कास्पीनात, तिच्या माहेरच्या गावात, घर रस्त्याला इतकं लागून होतं की शर्यतीच्या दिवसांत आई दारातली खुर्चीसुद्धा आत घ्यायची. एप्रिल संपत आला की मादोनीएच्या डोंगरांत ते मोटारींच्या शर्यतीवाले यायला लागत, सराव करायला. रस्ता बंद वगैरे काही नसायचा. वळणावर एकीकडून गाढवावर जळण लादलेला म्हातारा यायचा, दुसरीकडून ती बुटकी गाडी यायची, आणि दोघं एकमेकांना शिव्या घालून आपापल्या वाटेला लागायचे. एक फेरी बहात्तर किलोमीटरची, वळणं इतकी की मोजणारे भांडायचे. एवढं कोण पाठ करणार? म्हणून ते खुणा करायचे, कुणी दगडावर, कुणी झाडावर, कुणी लोकांच्या भिंतींवर. अमुक खूण दिसली की पाय ब्रेकवर. ज्याची त्याची खूण वेगळी असायची. दुसऱ्याच्या खुणेला कोणी हात लावायचा नाही. पोरं काचा फोडत, अंजीर-द्राक्षं चोरत, पण खुणेला नाही. हा नियम कुणी कुणाला शिकवलेला नव्हता, आणि गावात तो मोडल्याचं कुणाला आठवतही नव्हतं.

वकील रुज्जेरो लान्झाफामे जवळच्या तेर्मिनी शहरातला. आठवडाभर लोकांचे बांधांचे खटले चालवायचा आणि शनिवारी काळा कोट काढून राखी गाडीत बसायचा. तो भल्या सकाळी आला तेव्हा निन्फा उंबऱ्यावर पाणी टाकत होती. मागे डबा धरून त्याचा मिस्त्री उभा होता, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो गास्पारे होता, पण तेव्हा तो कुणीच नव्हता. वकिलाने गुडघे टेकले, गाडीत बसल्यावर नजर जिथे येईल तिथे तिच्या भिंतीवर ब्रश ओढला, आणि शेवटी मनगट वळवून ते शेपूट काढलं. मग वर बघून म्हणाला, 'तुमच्या भिंतीवर माझा जीव टांगलाय बाईसाहेब. लक्ष ठेवा. नाव काय तुमचं?' तिने नाव सांगितलं. एकोणीस वर्षांची होती ती, तिला आजवर कुणी बाईसाहेब म्हटलं नव्हतं. त्यानंतर तीन दिवस, कोर्टाला सुट्टी देऊन, तो दिवसातून चार-पाचदा गेला. ती प्रत्येक वेळी दारात. पट्ट्यापाशी इंजिन खाकरायचं, गाडी नाक खाली घालायची आणि वळायची. त्याची नजर पट्ट्यावर. एकदाही वर नाही.

शनिवारी आईने चुन्याची बादली काढली. दुसऱ्या दिवशी शर्यत, पाहुणे येणार, फोटोवाले येणार, भिंत उजळ दिसायला हवी. 'तो पट्टा सोड,' आई म्हणाली आणि आत गेली. एवढं सांगून झालं होतं, हे निन्फा कधी विसरली नाही. तिने पट्टा सोडून सगळी भिंत केली. मग मागे सरून बघितलं. पांढऱ्या भिंतीवर तो आधीपेक्षा दुप्पट लाल दिसत होता. तिच्या डोक्यात आलं ते एवढंच: दुपारी तो शेवटचा सराव करायला येईल, खूण दिसणार नाही, मग थांबेल, उतरेल, आणि दार वाजवून विचारेल, बाईसाहेब, माझा जीव कुठे ठेवलात? तिने ब्रश फिरवला. तेलरंगावर चुना धरत नाही, घसरत होता. तिने मूठभर मीठ टाकून घट्ट कालवला आणि हाताने थापला. एक हात, सुकू दिला, दुसरा, तिसरा. संध्याकाळपर्यंत ती दारात उभी होती. वकील आला नाही. तेर्मिनीत त्याच्या घरी जेवण होतं म्हणे. रविवारी रस्ता बंद झाला, कोंबड्या आणि शेळ्या आत गेल्या, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आज कुणीच थांबत नसतं. ओली चिंधी घेऊन ती धावली होती, पण कडेला उभ्या शिपायाने दंडाला धरून मागे ओढलं. 'मरायचंय का?' तो म्हणाला होता.

गाड्या एकेक करून सोडत, म्हणून समोरून पहिली जाणारी पहिलीच असेल असं नसायचं. गावाला ते डोळ्यांनी कळायचं नाही, कानांनी कळायचं. आवाज पुलावर उमटायचा, टेकडीमागे बुडायचा, चॅपेलपाशी वर यायचा, मग घराच्या अलीकडे खाकरायचा, खाली उतरल्यासारखा. गच्चीवर सगळे माना वाकड्या करून ऐकत. राखी गाडी पुलावर आली. बुडाली. चॅपेलपाशी वर आली. निन्फाने डोळे मिटून घेतले आणि त्या खाकरण्याची वाट पाहिली. आवाज तसाच सरळ आला, समोरून गेला आणि मग नुसता नाहीसा झाला. कुणी ओरडलं नाही. खालून ऑलिव्हच्या पानांचा सळसळाट मात्र बराच वेळ येत राहिला, वारा नसताना.

पट्टा दिसला त्या मंगळवारीच दुपारी तिने जिन्यात त्यावर चुना लावला. गास्पारे जेवून डुलक्या घेत होता. ब्रश घसरला, त्या शनिवारी घसरला होता तसाच घसरला. संध्याकाळी तो म्हणाला, 'जिन्यात चुन्याचा वास येतोय.'

'ओल आली होती.'

'ओल? मेमध्ये?' पुढे काही विचारील असं वाटलं, पण त्याने पाव मोडला.

बुधवारी ती भाजी घेऊन वर आली तेव्हा पट्टा तिथेच होता. कालच्यापेक्षा गडद. कडेने चुन्याचे पोपडे आणि मध्ये तो, ओला, लखलखीत, खालचं शेपूट अगदी आत्ताच मनगट वळवल्यासारखं. निन्फा पायरीवर बसली. म्हातारीला भास होतोय म्हणावं तर बोटाला रंग लागला होता, यावेळी तिने बोट लावलंच होतं. तो चुन्यातून वर आलाय, असं तिला वाटलं. माहेरच्या भिंतीवरही तो असाच वर आला होता. शर्यतीनंतर चार दिवस कडक ऊन पडलं, मिठाचा चुना तेलरंगावरून पापडासारखा सुटून खाली पडला आणि खूण होती तिथे, होती तशी. पुढच्या रविवारी मिस्त्री आला, दंडाला शोकाची काळी पट्टी बांधून. त्याने ब्रेक लागल्यावर रस्त्यावर उमटतात त्या चाकांच्या रेघा शोधल्या. नव्हत्या. पावलांनी अंतर मोजलं. मग भिंतीसमोर उकिडवा बसला, खुणेवर तळहात ठेवला आणि म्हणाला, 'खूण तर जागेवर आहे. वकीलसाहेबांची नजर कधी चुकली नाही. म्हणजे ब्रेकच. म्हणजे मीच.' ती पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी होती. पांढरे पोपडे त्याच्या बुटांखाली चुरत होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तो पुढल्या रविवारीही आला, त्याच्याही पुढल्या, आणि दर रविवारी ते वाक्य जड होत गेलं. वर्षभराने त्याने तिला मागणी घातली. नाही म्हणायला तिच्याकडे तोंड नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर तो तिला आवडायला लागला होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

बुधवारी तिने बादलीत मूठभर मीठ टाकलं. हातानेच थापलं. एक हात, दुसरा, तिसरा. थापताना ती पुटपुटत होती, मला सोड, त्याला सोड, आता आमचं काय राहिलंय. बोटं जळत होती. गास्पारेने रात्रीच्या जेवणाला तिच्या हाताला हात लावला आणि खरखरीत बोटांवरून अंगठा फिरवत म्हणाला, 'किती चुना लावशील, निन्फा? जिना आतून अरुंद व्हायला आला.' तिने हात सोडवून घेतला. तो विनोद करत होता की विचारत होता, हे तिला कळलं नाही. मुळात त्याचं काय तिला कळत होतं? त्याच्या डोळ्यांत ती कित्येक महिन्यांत सरळ बघू शकली नव्हती, आणि आपणच नजर चुकवतो असं समजत आली होती.

गुरुवारी भिंत पांढरी होती. सकाळी पांढरी, दहाला पांढरी. तिला इतकं हलकं वाटलं की ती खाली दरवाज्याजवळच्या खोलीत जाऊन बसली, दॉन तानीनोपाशी. तो इमारतीचा राखणदार. अकराला त्याच्या शेगडीवर कॉफी चढायची आणि गास्पारे ती प्यायला उतरायचा, हा नियम वीस वर्षांचा.

'सिन्योरा निन्फा, यंदा मे दोनदा आला वाटतं,' तानीनो म्हणाला. 'काल पुन्हा बादली पाहिली.'

'पट्टा आला होता एक भिंतीवर. लाल.'

तानीनोने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवता ठेवता थांबवलं. 'आणि तुम्ही त्यावर चुना मारलात?'

'मग काय पूजा करू त्याची?'

'अहो, मला शपथ घातली होती त्यांनी.' त्याने भांडं ठेवलं, हात पुसले. 'फाटकाचा रंग उरला होता तो माझ्याकडूनच नेला मिस्त्रींनी. एकदा मंगळवारी, एकदा बुधवारी, फिका पडला म्हणून. डोळ्यांच्या मधोमध काही दिसत नाही त्यांना आता. कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हाला सांगितलं नाही. वरच्या त्या तीन तिरक्या पायऱ्यांना कठडा नाही ना, गेल्या आठवड्यात पडता पडता वाचले. म्हणाले, दॉन तानीनो, कडेला खूण असली की पुरे, खूण आली की पाय आवरायचा. आमच्यात असंच करतात.'

निन्फाने घड्याळाकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. ती उठून जिना चढायला लागली, आणि पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा वर दार उघडल्याचा आवाज आला. किल्ली दोनदा फिरली. मग तो नेहमीचा आवाज आला, दगडी जिन्यातून खालपर्यंत, ठप, ठप, ठप.

'गास्पा,' ती ओरडली. 'थांब, गास्पा.' त्याला ऐकू जाणार नाही हे ओरडतानाच कळत होतं. तानीनो म्हातारा, तिच्याहून म्हातारा, खाली दारातच राहिला. ती पायऱ्या चढत होती आणि वरून पावलं येत होती. घराच्या दारापासून जिन्यापर्यंत चार पावलांचा तर बोळ होता. पहिलं पाऊल. दुसरं. खाकरणं येत नव्हतं. यायला पाहिजे होतं तिथे पाऊल हळू होत नव्हतं, सरळ येत होतं, विश्वासाने, खूण अजून आली नाही म्हणून. तिने गुडघ्यांवर हात टेकत शेवटच्या पायऱ्या ओलांडल्या, तीन तिरक्या पायऱ्यांवर भिंतीला खांदा लावून उभी राहिली आणि हात पुढे केला. मागे पांढरी भिंत, अंगावर पांढऱ्या डागांचा पांढरा एप्रन. तो तिच्याकडेच बघत होता आणि ती त्याला दिसत नव्हती. त्याचा उजवा पाय हवेत आला. छाती तिच्या तळहातावर येऊन आदळली.

'कोण? निन्फा?'

'मीच.'

त्याने पाय मागे घेतला. श्वास लागला होता, तिलाही, त्यालाही. त्याचा हात चाचपडत भिंतीवर गेला, गुडघ्याच्या जरा वर. 'इथे खूण होती,' तो म्हणाला. 'मी केली होती. तुला सांगणार होतो.'

'मी झाकली. चुना लावला.'

'कधी?'

काल, एवढा एक शब्द पुरला असता. तो खरा होता. तो बोलून दोघं खाली गेली असती, तानीनोने कॉफी ओतली असती, संध्याकाळी फाटकाचा रंग पुन्हा वर आला असता आणि उरलेली वर्षं नीट गेली असती. तिचा तळहात अजून त्याच्या छातीवर होता. आत जे धडधडत होतं ते तिने कधी इतकं जवळून मोजलं नव्हतं.

'काल,' ती म्हणाली. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं, ऐकू यावं म्हणून. 'आणि त्या शनिवारीही.'

त्याने भिंतीवर तळहात सपाट ठेवला.

'वळणावरची?'

'वळणावरची. मिठाचा चुना, तीन हात. नंतर उन्हाने गळून पडला. तू आलास तेव्हा पोपडे तुझ्या पायाखाली होते.'

खालून तानीनोने हाक मारली, काय झालं, पडले का? गास्पारेने मान बाजूला केली, कोंबडीसारखी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. का केलंस, असं तो आता विचारील आणि आपण काय सांगू, याची तिला भीती वाटली. एका मुलीला वाटलं होतं गाडी थांबेल, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? पण त्याने ते विचारलंच नाही.

'म्हणजे माझे ब्रेक लागत होते,' तो म्हणाला.

'लागत होते, गास्पा.'

'तिसऱ्या वेळी घट्ट लागले होते पायाखाली. मी सगळ्यांना सांगत होतो.'

'मला माहीत आहे.'

त्याने तिचा हात छातीवरून उचलला, जोराने नाही, एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तसा तिच्या एप्रनवर ठेवला. तिने दंड धरायला हात पुढे केला. 'तीन पायऱ्या आहेत,' ती म्हणाली. 'मग कठडा.'

'तेवढं मला ठाऊक आहे,' तो म्हणाला. तळहात भिंतीला लावून, तिच्या अंगावरून, तो पहिली पायरी उतरला. मग दुसरी. मग तिसरी. पाय आपटला नाही. कठडा हाताला लागल्यावर तो क्षणभर थांबला, तिला वाटलं आता वळेल. त्याची पावलं खाली जात राहिली, प्रत्येक वळणावर जरा हळू होत, पुन्हा चालू होत, आणि निन्फा डोळे मिटून ऐकत राहिली. खाली कॉफीचे कप मांडल्याचा आवाज आला. ती खुणेच्या जागी भिंतीला टेकून उभी राहिली, तो परत वर येईपर्यंत, येणार असेल तर.